चौथ्या गाण्यानंतर

"नाव घेतलंत आणि गाणं गिळलंत," मन्मथअप्पा म्हणाले. "असं कुठं असतं का, बाई?"

ड्यूटी रूममध्ये खुर्ची असूनही ते उभेच होते. भाऊबीज नुकतीच झाली होती. सेलूहून सकाळच्या गाडीने ते आले होते. डोक्यावर कडक पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आणि कपड्यांना सरकीचा तो कोरडा, किंचित तेलकट वास, जो कापसाच्या आडतीत जन्म घालवलेल्या माणसांना कायमचा चिकटतो. त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून त्यांची सून शैलजा उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिची नजर फरशीवर होती.

ड्यूटी रूम म्हणजे रेडिओ केंद्रातली अशी खोली, जिथे प्रसारण चालू असताना एक अधिकारी बसून असतो. हवेत जाईल ते सगळं त्याने ऐकायचं, काही चुकलं तर नोंदवायचं आणि कुणी तक्रार घेऊन आलं तर तीही ऐकायची. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावातल्या केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होते. संगीत आणि स्त्रियांचे कार्यक्रम माझ्याकडे होते.

"अप्पा, गाणं वाजलं," मी म्हणाले. "मी स्वतः ऐकलं."

"आमी सगळे कान टवकारून बसलेलो. पाव्हणे बसलेले. गल्लीत सगळ्याला सांगितलेलं. शेवटी तुमच्या त्या माणसानं नाव घेतलं, शैलजाचं नाव, साफ घेतलं. पण गाणं? गाणं लागलंच न्हाई! आता गल्ली काय म्हणायली माहिताय? अप्पाची सून रेडिओवर नावापुरती हाय म्हणं."

"मामंजी, जाऊ द्या," शैलजा हळूच म्हणाली.

"तू गप बस. तकरार माझी हाय."

ही तक्रार समजायची तर थोडं मागे जावं लागेल.

दिवाळीच्या पहिल्या पहाटेचा, अभ्यंगस्नानाच्या वेळचा कार्यक्रम हा आमच्या केंद्राचा सर्वांत जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम होता. एरवी आमच्या बातम्या लोक आवाज लहान करून ऐकत. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत बातम्यांनी घरात काय येईल याचा नेम नसे. या एका पहाटे मात्र प्रत्येक घरात बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असे. आणि दरवर्षी तीच गाणी वाजत. आधी सनई, मग पाच गाणी. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ज्यांनी त्या काळात त्या पहाटे डोळे चोळत उटण्याचा वास घेतला आहे, त्यांच्या कानात ती आहेतच.

या कार्यक्रमाची एक रीत होती. मध्ये कुणी बोलायचं नाही. एरवी प्रत्येक गाण्याआधी निवेदक गायिकेचं, कवीचं नाव सांगतो. त्या पहाटे नुसतं संगीत वाजायचं आणि सगळी नावं शेवटी एकदम सांगितली जायची. अंगाला तेल लागत असताना कुणाला माहिती नको असते.

त्या वर्षी आम्हाला नवे केंद्र संचालक मिळाले. त्यांना सगळे भागवतसाहेब म्हणत. शांत, वाचणारे, थोडे एकटे गृहस्थ. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "दिवाळीची क्यू शीट मी पाहिली. मागच्या वर्षीची, त्याच्या मागच्या वर्षीची आणि त्याच्याही मागची. तारीख सोडून काही बदललेलं नाही."

क्यू शीट म्हणजे कुठल्या मिनिटाला काय वाजणार, तो कागद.

"लोकांना तेच आवडतं, सर," मी म्हणाले.

"लोकांना दुसरं काही आपण दिलंय का?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. मी कवितेवर वाढलेली. नवं गाणं म्हटलं की माझ्या बोटांना कागदाची ओढ लागे. एका गाण्याची जागा मोकळी करायचं ठरलं. पाचांपैकी चौथं गाणं काढून तिथे नवं घालायचं. चौथंच का, तर पहिलं आणि शेवटचं हलवायला भीती वाटत होती, आणि मधलं एखादं गेलेलं कुणाच्या लक्षात येणार नाही, असा आमचा दोघांचा समज होता.

गाण्यासाठी आवाज मात्र आमच्याकडे होता. शैलजा आदल्याच पावसाळ्यात ऑडिशनला आली होती. ऑडिशन म्हणजे गायकाची चाचणी. त्यात गाणाऱ्याला परीक्षक दिसत नाहीत आणि परीक्षकांना गाणारा. पडद्यापलीकडून फक्त आवाज येतो. तो आवाज मला अजून आठवतो. भिजवलेल्या मातीच्या घड्यातलं पाणी पितो तेव्हा पाण्याआधी मातीची चव लागते. तसा तिच्या स्वराआधी एक ओला, सावळा श्वास ऐकू यायचा. ती पास झाली. बोरी गावात तिचं माहेर. वडील शिवमंदिरात भजनं म्हणायचे, त्यांच्या मांडीवर ती शिकलेली. सेलूला लग्न होऊन आल्यावर गाणं थांबलं होतं. कुणी बंदी केली नव्हती. मोठ्या घरात सून मोठ्याने बोलत नाही, मग गाणार कुठून, इतकंच.

मन्मथअप्पांनी परवानगी दिली, पण तोलून मापून. माझ्यासमोरच ते तिला म्हणाले होते, "एकदा दिवाळीला लागू दे. गल्ली ऐकू दे. चार माणसं बरं म्हणली तर मग पुढचं बघू. न्हाई म्हणली तर हौस फिटली म्हणायचं आणि घर सांभाळायचं." तिने मान हलवली होती. सगळं त्या एका पहाटेवर आलं होतं.

गाण्याचे शब्द मी लिहिले. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. दोन ओळी अशा होत्या:

रानातल्या कापसाची वात वळते दारात,
तिच्या उजेडानं आली पहाट घरात.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती दोन सुरांत अडखळली, मग डोळे मिटले आणि एका दमात गाणं झालं. काचेपलीकडे आमचे रज्जाकभाई बसले होते. रज्जाकभाई म्हणजे केंद्राचा तांत्रिक हात. स्पूल म्हणजे फितीचं रीळ चढवणं, फिती जोडणं, आवाजाची पातळी राखणं, सगळं त्यांच्याकडे. गाणं संपलं तरी त्यांनी काही क्षण यंत्र बंद केलं नाही. मग टॉकबॅकवरून, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरवरून, त्यांचा आवाज आला, "बेटा, अजून एकदा गाऊ नको. हेच राहू दे."

दिवाळीच्या पहाटे मी स्वतः स्टुडिओत होते. बाहेर थंडी होती, आत यंत्रांची ऊब आणि फितीचा तो व्हिनेगरसारखा आंबूस वास. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. मग शैलजाचं. शेवटी निवेदकाने नावं वाचली, तिचंही वाचलं. मी घरी जाऊन न्हाले, आणि मला वाटलं की दिवाळी चांगली झाली.

आता अप्पा समोर उभे होते आणि म्हणत होते की गाणं वाजलंच नाही.

मी त्यांना बसवलं. चहा मागवला. मग म्हटलं, "अप्पा, त्या पहाटे काय काय झालं, पहिल्यापासून सांगा."

ते तयारच होते. "पहाटे सनई लागली तसा आमचा बंब पेटला. पहिल्या गाण्याला पोरं उठती. दुसऱ्याला तेल निघतं. तिसऱ्याला आमी बापलेक, भाऊ, पुतणे असे ओळीनं पाटावर बसतो. चौथं लागलं की बायका ओवाळायला घेती. हे असंच हाय. माझ्या घरी घड्याळ कोण बघत न्हाई त्या दिवशी."

"बरं. तिसरं गाणं ऐकलंत?"

"ऐकलं की."

"मग?"

"मंग तुमचं स्टेशन सरकलं."

"सरकलं?"

"सरकलं म्हणजे! तिसरं संपलं आणि कुठलं तरी भलतंच सुरू झालं. बाई गात होती कुणीतरी. आवाज चांगला होता, पण आपलं न्हाई. मी म्हटलं, काटा सरकला. थंडीत सरकतोय. तेलाच्या हातानं उठलो, काटा फिरवला. मुंबई लागायली, कुठली कुठली खरखर लागायली. शेजारच्या घरातून आवाज आला, अप्पा, तुमचं बी सरकलं का? समोरचाही फिरवायलाच होता. सगळी गल्ली काटा फिरवायली होती, बाई! मंग मी म्हटलं, आहे तिथंच ठेवा. काटा परत आणला तर पाचवं चालू! आपलं पाचवं. म्हटलं, चला, आलं जागेवर. आणि मंग शेवटी नाव."

मी शैलजाकडे पाहिलं. तिने डोळे वर केले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातले. त्या एका क्षणात मला कळलं की ही मुलगी हे सगळं त्या पहाटेपासून जाणून आहे.

काही बोलण्याआधी मी रज्जाकभाईंना प्लेबॅक रूम उघडायला सांगितली. ती छोटी खोली असते. ध्वनिमुद्रित झालेलं तिथे ऐकून तपासतात. भिंतींना सच्छिद्र पुठ्ठा लावलेला असतो, त्यामुळे आत गेलं की बाहेरचं जग कानातून काढून घेतल्यासारखं वाटतं. अप्पा खुर्चीत बसले. शैलजा दाराशीच राहिली. रज्जाकभाईंनी स्पूल चढवला.

आधी तो श्वास आला. मग पहिली ओळ.

अप्पांचा चेहरा लगेच बदलला नाही. ते व्यापारी होते. मालात हात घातल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय. ते पुढे झुकले. दुसऱ्या ओळीला त्यांनी उजवा हात उचलला, बोटं अर्धवट वळवली, जणू त्या हाताला काटा आठवला. हात तसाच हवेत राहिला. मग हळूहळू मांडीवर आला.

गाणं संपलं. फितीचं मोकळं टोक गरगरत राहिलं. रज्जाकभाईंनी ते थांबवलं आणि ते बाहेर गेले.

"हीच होती," अप्पा म्हणाले. "हीच लागली होती."

"हो."

ते वळले. "शैलजा, तू तिथंच होतीस. तबक घेऊन उभी होतीस माझ्यासमोर. बोलली कामून न्हाईस?"

"कसं बोलू, मामंजी?" तिचा आवाज इतका बारीक होता की त्या बंद खोलीतही कान द्यावा लागला. "तुमी माझंच गाणं हुडकायलात. सगळे बसलेले. मी म्हणू का, ही मीच हाय, हात काढा?"

"म्हणायचं की!"

"म्हणले असते तर तुमाला खाली बघावं लागलं असतं सगळ्यांसमोर."

अप्पांनी टोपी काढली, उगाच आतून पाहिली आणि पुन्हा घातली. "पाच दिवाळ्या झाल्या तुला घरात येऊन," ते म्हणाले. "आणि मला तुझा आवाज ओळखू आला न्हाई."

शैलजाने पदर कपाळावरून थोडा मागे घेतला. माझ्या आठवणीत तिचा चेहरा त्या क्षणी प्रथम दिसतो. रुंद कपाळ, भुवयांच्या मध्ये गोंदण, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ की नको, असा विचार करत थांबलेलं.

अप्पा निघताना जिन्याजवळ थांबले. "माझं ठीक हाय, बाई. मी ऐकलं. पण गल्लीला मी कसं सांगू? सांगून कुणाला पटतंय का? गाणं कानानं ऐकावं लागतं. पुढच्या दिवाळीला लावा. तेवढं करा." मग खाली उतरता उतरता, "आणि काटा फिरणार न्हाई असं काहीतरी करा."

भागवतसाहेबांच्या टेबलावर तोवर पोस्टकार्डांचा ढीग आला होता. जिंतूरकडून, देवगाव फाट्यावरून, खेड्याखेड्यांतून. सगळ्यांचा मजकूर एकच: ऐन ओवाळणीच्या वेळी आपले केंद्र सरकले, तरी यंत्र दुरुस्त करावे. गाणं आवडलं नाही, असं एकानेही लिहिलं नव्हतं. गाणं म्हणून ते कुणी ऐकलंच नव्हतं.

साहेब हसले नाहीत. ते खरोखर खिन्न झाले होते. "पुढच्या वर्षी पूर्ववत," ते म्हणाले. "पाचही जुनी. प्रयोग संपला. आणि ती फीत इरेजला पाठवा."

इरेज म्हणजे पुसणं. फिती महाग आणि मोजक्या असत. एकदा वाजून गेलेलं आणि लायब्ररीत ठेवायचं नसलेलं रेकॉर्डिंग एका चुंबकी यंत्रावरून फिरवून कोरं करत आणि त्याच फितीवर दुसरं भरत. किती आवाज असे गेले, त्याचा हिशोब कुणाकडेच नाही.

"सर, ती फीत एक वर्ष राहू द्या."

"श्रोत्यांनी हात उचलून काटा फिरवला, बाई. याहून स्पष्ट निकाल कोणता हवा?"

"निकाल गाण्यावर लागलेला नाही. जागेवर लागला आहे."

"म्हणजे?"

"आपण त्यांच्या ओवाळणीतून ओवाळणीचं गाणं काढलं. त्याच्या जागी कुणाचंही काहीही लावलं असतं तरी हेच झालं असतं. तिथे जागा नव्हतीच."

"मग जागा कुठे आहे?"

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे," ते म्हणाले. "एक दिवाळी. पण केंद्र सरकल्याचं एक जरी पोस्टकार्ड आलं, तरी फीत जाईल. मग माझ्याकडे यायचं नाही."

जागा सापडायला उन्हाळा उजाडला. सेलूला एका स्त्रियांच्या मेळाव्याच्या रेकॉर्डिंगसाठी गेले होते, तेव्हा अप्पांच्या घरी जेवायला थांबले. जेवताना मी सहज विचारलं, "चौथ्या गाण्यात सगळ्यांचं ओवाळून होतं का हो?"

अप्पांच्या पत्नी, सगळे त्यांना गौराबाई म्हणत, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कुठचं बाई! आमच्यात माणसं किती! गाणं संपतं आन् निम्मी रांग तशीच. मंग ती पिपाणी वाजती. पिपाणीत कसंबसं उरकायचं."

पिपाणी म्हणजे आमची सनई. चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये आम्ही वाद्यसंगीताचा एक तुकडा वाजवत असू. त्याला फिलर म्हणतात. वेळ भरून काढण्यासाठी घातलेला, ज्याची कुणाला आठवण राहत नाही असा तुकडा.

"पिपाणी नसली तर चालेल का?" मी विचारलं.

"न्हाई तर न्हाई," गौराबाई म्हणाल्या. "कोण ऐकायलंय तिला?"

मी भाकरीचा घास हातात तसाच धरून बसले. जागा तिथे होती. इतकी वर्षं आम्हीच ती सनईने बुजवून ठेवली होती.

तरीही काट्याचा प्रश्न उरला. चौथं गाणं संपून शांतता आली आणि अनोळखी आवाज सुरू झाला की हात उठणारच. मध्ये फट ठेवायची नव्हती. रेडिओत यासाठी क्रॉस फेड नावाची युक्ती असते. एका गाण्याचा शेवट विरत असतानाच दुसऱ्याची सुरुवात हलकेच वर आणायची, म्हणजे कानाला दार उघडल्याचं कळत नाही. पण दोन्ही गाण्यांचा सूर जुळला नाही तर ते भांडण होतं. शैलजाचं गाणं जुन्या गाण्यापेक्षा एका पट्टीने खाली होतं.

शैलजाला पुन्हा बोलावलं. या वेळी अप्पा स्वतः घेऊन आले. स्टुडिओत मी तिच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यात जुन्या चौथ्या गाण्याचा शेवट वाजवला. त्या गाण्याची थोर गायिका शेवटचा स्वर जिथे सोडते, तिथून शैलजाने नुसता गुणगुणत तो उचलायचा, शब्दांशिवाय, आणि मग हळूच आपल्या गाण्याच्या पट्टीत उतरायचं. तेवढा एक आलाप नव्याने रेकॉर्ड करून गाण्याच्या आधी जोडायचा; गाणं होतं तसंच ठेवायचं.

पहिल्यांदा ती गायलीच नाही. हेडफोन कानाला लावून ऐकत राहिली. रज्जाकभाईंनी टॉकबॅकवर विचारलं, "क्या हुआ, बेटा?"

"त्यांच्या तोंडातून काढून घेतल्यासारखं वाटायलंय," ती म्हणाली.

रज्जाकभाई म्हणाले, "काढून नाही घ्यायचं. त्या थकल्यात इतकी वर्षं गाऊन. जरा हातातलं तबक धर त्यांचं."

तिने डोळे मिटले. पुढच्या वेळी जुना स्वर विरत गेला आणि त्याच्या आतून, कापसाच्या बोंडातून तंतू निघावा तसा, तिचा स्वर निघाला. कुठे जोड आहे ते मला, जोड माहीत असूनही, ऐकू आलं नाही.

त्या दिवाळीला मी स्टुडिओत थांबले नाही. कन्सोल, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं यंत्र, रज्जाकभाईंच्या हवाली केलं आणि आदल्या संध्याकाळी सेलूला जाऊन अप्पांकडे राहिले. मला केंद्रातून बाहेर जाणारा आवाज नको होता. तो ज्या घरात पोचतो, तिथे बसून पाहायचं होतं.

पहाटे सनई लागली. न्हाणीतल्या बंबातून धूर निघाला. गल्लीतले सगळे रेडिओ एकाच स्वरात बोलत होते. एका दारातून दुसऱ्या दारात गाणं जरासं उशिरा पोचल्यासारखं वाटत होतं. उटण्याचा, वाळ्याचा, ओल्या मातीचा वास. तिसऱ्या गाण्याला पुरुष ओळीने पाटावर बसले. अप्पा पहिले. रेडिओ त्यांच्या डाव्या हाताला, कोनाड्यात. चौथं गाणं लागलं, आणि गौराबाईंनी ओवाळायला घेतलं.

मी अप्पांच्या हाताकडे पाहत होते. शैलजा त्यांच्यासमोर निरांजनात तेल घालत होती. तीही तिकडेच पाहत होती.

चौथं गाणं संपत आलं. शेवटचा स्वर लांबला, पातळ झाला. आलाप कधी सुरू झाला, ते माझ्याही लक्षात उशिरा आलं. ओवाळणं चालूच राहिलं. तबक दुसऱ्या पाटावरून तिसऱ्यावर गेलं. मग शब्द आले: रानातल्या कापसाची वात. पलीकडच्या घरातला रेडिओ तेच म्हणत होता. त्याच्या पलीकडचाही. गल्लीत एकाही घरातून खरखर आली नाही.

अप्पांचा हात उठला. त्यांनी बटण धरलं आणि ते आवाज मोठा करू लागले. तो आधीच पूर्ण होता; बटण पुढे जाईना. तरी ते ढकलत राहिले.

"कोण गायलंय हो?" समोरच्या दारातून कुणीतरी ओरडलं.

"घरातलीच हाय!" अप्पा ओरडले. मग त्यांनी डोळे पुसले. कपाळावरचं तेल डोळ्यांत गेलं, असं ते म्हणाले.

केंद्र सरकल्याचं एकही पोस्टकार्ड आलं नाही. भागवतसाहेबांनी फीत लायब्ररीत ठेवायला सांगितली. शैलजा पुढे महिन्यातून एकदा गाण्यासाठी येऊ लागली. अप्पा तिला सोडायला येत, ड्यूटी रूममध्ये बसत आणि स्टुडिओवरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की कुणी खोकलं तरी त्याच्याकडे डोळे वटारत.

मग चार-पाच दिवाळ्या गेल्या. भागवतसाहेब बदलून गेले. मला वाटलं, आता आणखी एक पाऊल टाकावं. शैलजाने एक नवं गाणं बसवलं होतं, पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. शब्दही चांगले होते. ते माझे नव्हते. मी ठरवलं की या वर्षी तिच्या जुन्या गाण्याऐवजी हे लावायचं. ड्यूटी रूममध्ये बसलेल्या अप्पांना मी ते सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील.

"दिवाळीला?" ते म्हणाले. "न्हाई बाई. दिवाळीला तेच लागतं."

"अप्पा, हेही शैलजाचंच आहे."

"असू दे की. पाडव्याला लावा, भाऊबीजेला लावा. पण त्या पहाटे कापसाचंच पाहिजे. दरसाल तेच असतं."

शैलजा दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती, खांदे हलेपर्यंत. "मामंजी, ते बी एकदा नवंच होतं. तुमीच काटा फिरवला होता."

"तवाची गोष्ट वेगळी," अप्पा म्हणाले. "तवा ते आपलं न्हवतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत सणाच्या संगीताबद्दल मला जे कळलं ते एवढंच की, त्या पहाटे लोक गाणं ऐकत नाहीत. घरातली सगळी माणसं आहेत ना, हे पाहतात. नवं माणूस घरात यायला लग्न लागतं, नवं गाणं यायला वर्षं लागतात. दोन्हींत घाई केली की काटा फिरतो. नवं गाणं आम्ही पाडव्याला लावलं. त्या वर्षी ते फारसं कुणी ऐकलं नाही.